फियाट ११०० डी: कार्पेट, डोअर पॅड, छत – आतलं सगळं काढायचंय, सुरुवात कुठून करू?

डिलाइट६८

नमस्कार मंडळी. सासऱ्यांची १९६८ ची फियाट ११०० डी आता आमच्याकडे नाशिकला आहे. इंजिन, ब्रेक, वायरिंग झालं, गाडी रस्त्यावर फिरते. आता आतली बाजू.

सध्याची अवस्था अशी:
खाली कुणीतरी मरून रंगाचं कार्पेट सोल्यूशनने सरळ पत्र्याला चिकटवलंय. दार उघडलं की कुबट वास येतो. चारही डोअर पॅड (दारांना आतून लावलेल्या फळ्या) खालच्या कडेला फुगलेत, दोन तर क्लिपा सोडून बाहेर आलेत. छताचं कापड मागच्या काचेपाशी लोंबतंय. पुढचा सलग सीट ड्रायव्हरच्या बाजूला खचलाय.

इथल्या एका सीटकव्हरवाल्याने "साहेब, दोन दिवसांत नवी करून देतो, वरून सीट, खालून सेव्हन-डी मॅट" असं सांगितलंय. मला ते काही पटत नाही. तयार कार्पेटचा सेट मिळतो का? नाहीतर कुठल्या क्रमाने करायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

अवली

दोन दिवसांत लग्नाचा मांडवसुद्धा धड पडत नाही हो. पळा तिथून.

---

गॅरेजवाली

कोल्हापुरात आमचं सीट-कुशनचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

कार्पेटचं सगळ्यात शेवटी बघा. कुबट वास येतोय म्हणजे खाली पाणी आहे, आणि पाणी कुठून येतंय ते सापडेपर्यंत वर काहीही घातलं तरी ते कुजणारच. आधी सीट बाहेर काढा, उंबऱ्यावरच्या पट्ट्या काढा, कार्पेट उपसा. उपसलेले तुकडे फेकू नका, फाटके असले तरी. त्यांचा पुढे फर्मा, म्हणजे नवं कापायचा नमुना होतो.

मग एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. खालून वर यायचं: आधी दारं, मग पुढच्या काचेचा खालचा रबर, मग काचेचे कोपरे, शेवटी छत. एकदम वरून पाणी ओतलंत तर सगळीकडूनच गळताना दिसेल आणि काही कळणार नाही. धार बारीक ठेवा आणि एका जागी बराच वेळ धरा. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा पुढच्या काचेचा रबर कडक झालेला असतो, पाणी डॅशच्या मागून उतरून पायाशी साचतं. माणसं मात्र दाराच्या बीडिंगला, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीला, दोष देत बसतात.

आता डोअर पॅड. ते खालूनच का फुगतात? काच वर-खाली होते तिथून पाणी दारात शिरतं, ते कुठल्याही गाडीत शिरतंच. दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात, त्यातून ते निघून जायला हवं. तुमच्या दारांची ती भोकं माती आणि रंगाने बुजलेली असणार. जाड तार घालून मोकळी करा. दुसरं म्हणजे पॅडच्या मागे, दाराच्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागद लागतो. तो पॅड काढणारा पहिला मेकॅनिक फाडतो आणि परत कुणीच लावत नाही. मग दारातलं पाणी हार्डबोर्डवर उडतं, बोर्ड ते पितो, खालची कड पापडासारखी सुटते आणि क्लिपची भोकं मोठी होऊन पॅड लटकतो. नवीन पॅड केलेत आणि हा कागद लावला नाहीत तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. जाड पॉलिथिन घ्या, खालची कड दाराच्या आत खोचा म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी दारातच पडेल.

बोर्डसाठी ३ मि.मी. हार्डबोर्ड बरा. जुना पॅड वर ठेवून पेन्सिलीने आखा, क्लिपची भोकं आधी पाडा, मग दोन्ही बाजूंना आणि कडांना वॉर्निश किंवा प्रायमरचा हात द्या. कडा विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. प्लायवूड लावणारे आहेत, पण तो जाड होतो आणि काच फिरवायच्या हँडलचा दांडा पुरत नाही.

सीटचं नंतर लिहिते, दुकानात गिऱ्हाईक आलंय.

---

जुना_खडूस

मला मुळात एक विचारायचं आहे. कार्पेट कशाला?

ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून बनायला लागली. आमच्या घरी '६६ ची होती, शोरूममधून आली तेव्हा खाली काळी रबर मॅट होती. बादलीभर पाणी टाकून ती धुवायची, वाळवायची, झालं. रेक्झिनचे सीट, हार्डबोर्डवर रेक्झिन चढवलेले पॅड आणि स्टिअरिंगवरचा गिअर, याच्यापलीकडे त्या गाडीत काही नव्हतं आणि तेच तिचं रूप होतं. लोक आता त्यात हिऱ्याच्या शिलाईचं तपकिरी लेदरेट, डॅशला लाकडी स्टिकर आणि छताला चांदण्यांचे दिवे लावतात. प्रदर्शनात अशी गाडी बघितली की मी पुढच्या गाडीकडे वळतो.

रबर मॅट घाला. धाग्याचं शीर्षक बदला.

---

डिलाइट६८

@गॅरेजवाली, हे सोन्यासारखं आहे. धन्यवाद. भोकं खरंच बुजलेली होती, मागच्या डाव्या दारातून तर गाळ निघाला.

@जुना_खडूस, तुमचं म्हणणं कळतंय. पण गाडी आम्ही वापरणार आहोत. उन्हाळ्यात इंजिनची धग पायाला लागते आणि आवाज इतका की मागे बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. रबर मॅटखाली काही घालता येत नाही का?

---

रानमेवा

रत्नागिरीहून लिहितोय, म्हणजे ओलाव्यातला माणूस. खाली काय घालाल ते घाला, पण नमदा आणि तागाचं जाडं घालू नका. कार्पेटवाले हमखास तेच देतात, कारण ते स्वस्त असतं आणि पायाला गुबगुबीत लागतं. आमच्याकडे जूनमध्ये ते एकदा भिजलं की दिवाळीपर्यंत ओलंच. वरचं कार्पेट हाताला कोरडं लागतं म्हणून आपण निवांत, आणि खाली पत्र्याची चाळण.

पाणी न पिणारा फोम घ्या, एसीच्या पाइपवर गुंडाळतात ना त्या जातीचा. त्याच्या शीट मिळतात. ५-६ मि.मी. पुरे. धग आणि आवाज दोन्हीला बरा. त्याच्याखाली पत्र्याचा आवाज दाबणारे डांबराचे पॅड हवेत तर लावा, पण सगळीकडे थापू नका. पत्र्यावर बोटाने टिचकी मारायची. जिथे डब्यासारखा आवाज येतो तिथेच पॅड लागतो, बाकी नुसतं वजन.

आणि दुसरं. फोम पत्र्याला चिकटवू नका. नुसता अंथरा. गणपतीनंतर एकदा उचलून खाली बघता आलं पाहिजे.

---

नानापेठकर

तयार सेटबद्दल: भारतात ११०० डी चा आकार दिलेला कार्पेटचा सेट मी तरी पाहिलेला नाही. इटलीहून मागवायचा मोह होईल, तर आधी एवढं लक्षात घ्या की तिकडची गाडी डावीकडे स्टिअरिंगची. पेडलची भोकं आणि टाचेखालचा तुकडा उलट बाजूला येणार. शिवाय तिथे ११०० डी १९६६ मध्येच बंद होऊन ११०० आर आली, आपल्याकडे मात्र तीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने चालली. त्यामुळे 'फियाट ११००' एवढं बघून काहीही मागवू नका.

पण घाबरण्यासारखं काही नाही. या गाडीचा गिअर स्टिअरिंगवर असल्याने मधल्या बोगद्यावर (तळाच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या उंचवट्यावर) गिअरच्या दांड्याचं भोक नाही, दांड्याभोवतीचं रबरी बूट नाही. पुढचा सीट सलग. फर्मा काढायला याहून सोपी गाडी मिळणार नाही.

मी केलं ते असं. जाड खाकी कागद पसरायचा, कोपऱ्यांत बोटाने दाबून घडी पाडायची, घडीवर पेन फिरवायचं. बोगद्याचा तुकडा सगळ्यात आधी, मग पुढचे डावे-उजवे, मग मागचे. प्रत्येक कागदावर बाण काढून 'पुढे' असं लिहा. कार्पेटला लव असते, एका तुकड्याची लव पुढे आणि दुसऱ्याची मागे गेली तर एकाच ठाणातून कापलेले तुकडे दोन रंगांचे दिसतात. हे उन्हात गाडी बाहेर काढली की कळतं, दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये नाही.

बोगदा वरून गोल आणि पुढे रुंद होतो, तिथे सपाट कार्पेट बसत नाही. त्रिकोणी चीर देऊन मागून टाके घाला. चीर शक्यतो तिथे घ्या जिथे वरून सीट येतो. कडांना बाइंडिंग पट्टी मारून घ्या, नुसतं ओव्हरलॉक टाचांनी लगेच उसवतं.

आणि सीटच्या बोल्टसाठी कार्पेट अंथरून वरून ड्रिल मारायला जाऊ नका!! बिटला एक धागा अडकला की तो अख्खी ओळ उसवत नेतो, समोर बसल्या बसल्या टकली रेघ पडते. सोल्डरिंगचा तापलेला गन घ्या, खालच्या भोकातून वर टोचा. नायलॉन किंवा पॉलीप्रॉपिलीन असेल तर भोकाची कड वितळून आपोआप बंद होते. लोकरीचं असेल तर चामडेवाल्याचा पंच.

माप: एक मीटर पन्ह्याचं साधारण पाच मीटर घ्या. रेक्झिनचा पन्हा बहुतेक ५४ इंच असतो, चारही पॅड त्यात कसे बसतात ते आधी कागदावर मांडा.

पुण्यातल्या मंडळींना नाना पेठ सांगायला नकोच. क्लिपा, बीडिंग, काचेच्या खाचेतला फेल्ट तिथे मिळून जातो. मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रोड.

---

तिकडची_मी

मी इंग्लंडमध्ये असते, आमच्याकडे मॉरिस मायनर आहे. इथे ते काम हेव्याने बघावं इतकं सोपं. न्यूटन कमर्शियल म्हणून कंपनी आहे, ती मायनरसाठी सीटची कव्हरं, पॅड, कार्पेट, छत सगळं वर्षाप्रमाणे आणि रंगाप्रमाणे शिवून देते. खोकं उघडा आणि लावा.

तरीसुद्धा खोक्यातलं कार्पेट थेट बसत नाहीच. माझा सल्ला एवढाच, नवं कार्पेट कापायच्या आधी एक दिवस घरात गरम जागी उलगडून ठेवा, घड्या जाऊ देत. आणि टाचेखाली रबराचा तुकडा शिवून घ्या, ड्रायव्हरची उजवी टाच दुसऱ्या कुठल्याही जागेच्या आधी भोक पाडते.

आणखी एक, फार महत्त्वाचं. सगळं झाल्यावर इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि कुणाला तरी कार्ब्युरेटरकडे बघायला लावा. खाली फोम आणि कार्पेटची जाडी वाढली की पेडल शेवटपर्यंत जात नाही, किंवा त्याहून वाईट, कार्पेटच्या कडेत अडकून तिथेच राहतं.

---

जुना_खडूस

त्या शेवटच्या परिच्छेदासाठी +१. बाकी रबर मॅटवर मी ठाम आहे. रानमेवांचा फोम खाली, वर रबर मॅट. धग नाही, आवाज नाही, आणि गाडी जशी होती तशी.

---

गॅरेजवाली

खडूसराव, यावेळी मी तुमच्या बाजूने आहे. :) गिऱ्हाइकाला कार्पेटच हवं असतं म्हणून आम्ही घालतो, पण नाशिकच्या पावसात चिखलाचे बूट घेऊन बसणार असाल तर रबरच. हवं तर मागे कार्पेट, पुढे रबर, असंही करतात.

सीट. फाडायच्या आधी मधोमध आणि ड्रायव्हरच्या बाजूला बसून बघा, मग उलटा करा. खचण्याची कारणं वेगवेगळी असतात. सीटमध्ये खाली स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्याची गादी, त्यावर पातळ फोम आणि मग रेक्झिन असे थर असतात. बहुतेक वेळा स्प्रिंगा शाबूत असतात, गोणपाट कुजून फाटतं आणि काथ्या स्प्रिंगांच्या मधून खाली गळतो. तेव्हा नवं गोणपाट, रबर लावलेला काथ्या आणि वर फोम, एवढ्यावर सीट उभा राहतो. तुमचा सीटवाला सगळं काढून एकच जाड फोमचा ठोकळा टाकेल. सोपं जातं त्याला. पण सीट उंच होतो, स्टिअरिंग मांडीला लागतं आणि वर्षभरात फोम बसला की पुन्हा खड्डा.

जुनी कव्हरं उसवताना कात्रीने कापू नका, ब्लेडने टाका टाका सोडवा. प्रत्येक तुकडा फर्मा आहे. पाइपिंगची दोरी किती जाड आहे तेसुद्धा बघून ठेवा, जाड पाइपिंगने जुना सीट लगेच नवशिक्याने शिवल्यासारखा दिसतो.

आणि मुख्य म्हणजे सगळंच बदलायची गरज आहे का ते बघा. मागचा सीट पुष्कळदा चांगला असतो कारण त्यावर कोणी बसलेलंच नसतं. साबणाच्या कोमट पाण्याने, मऊ ब्रशने धुऊन बघा. मूळ रेक्झिनचा दाणा आता बाजारात मिळत नाही. उसवलेली शिवण परत शिवता येते, फेकलेलं रेक्झिन परत येत नाही.

---

मांडवी

पणजीहून. वर कोणी आगीचं बोललं नाही म्हणून लिहिते. रेक्झिन, फोम, कार्पेट घेताना दुकानदाराकडून तुकडा मागून घ्या आणि घराबाहेर पेटवून बघा. वाहनांच्या आतल्या सामानासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे, कापड किती वेगाने जळावं याची मर्यादा त्यात आहे. आपण काही प्रयोगशाळा नाही, पण काडी लावल्यावर भसकन पेटणारा आणि काडी काढली की विझणारा यातला फरक आपल्यालाही दिसतो. जुन्या वायरिंगची गाडी आहे, हे बघाच. सोफ्याचा फोम गाडीत घालू नका.

---

डिलाइट६८

अपडेट. पाइप लावून बघितलं. पाणी पुढच्या काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून येतंय, गॅरेजवालींनी सांगितलं तसंच. डॅशच्या मागून, वायरिंगच्या जुडग्यावरून ओघळत थेट ड्रायव्हरच्या पायाशी. कार्पेट उपसल्यावर तिथे तळहाताएवढी जागा अशी निघाली की स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि आरपार गेला. तळाला पाणी सोडायच्या भोकाचं रबरी बूच होतं, त्यावर आधीच्या माणसाने डांबर ओतलेलं. म्हणजे आलेलं पाणी जायला वाटच नव्हती.

आता पत्रेवाल्याकडे. फायबर आणि पुट्टी मारून देतो म्हणतोय. चालेल?

---

नानापेठकर

नाही चालणार. या गाडीला वेगळी चासी नाही, तळाचा पत्राच तिचा सांगाडा. गंजकं कापून नव्या पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा, आतला सगळा फोम-कापड बाहेर, पाण्याची बादली हाताशी आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते खाली वाकून बघा.

वेल्ड झाल्यावर गंज घासा, गंजावरचं रसायन लावा, इपॉक्सी प्रायमर, मग सांध्यांत सीलर. रेड ऑक्साईडचा एक हात मारून कार्पेट टाकणारे खूप आहेत, तो ओलावा अडवत नाही. खालून, बाहेरच्या बाजूनेही तेच करा. आणि ते रबरी बूच नवं घाला, बुजवू नका.

---

रानमेवा

आणि हे झाल्यावर पुन्हा एकदा पाण्याचा पाइप. काचेचा रबर नवा बसवला तरी कोपऱ्यात सीलर लागतोच.

---

अवली

काच काढणारच असाल तर छत त्याच वेळी करून टाका की.

---

गॅरेजवाली

अवली पहिल्यांदाच कामाचं बोलला. छताचं कापड पुढे-मागे काचेच्या रबराखाली जातं, त्यामुळे दोन्ही काचा निघालेल्या असताना ते करणं म्हणजे अर्धी मेहनत वाचते.

आत आडव्या वाकवलेल्या सळया असतात, कापडाला मागून शिवलेल्या नेफ्यातून त्या जातात. काढताना पुढून मागे नंबर टाकलेली चिकटपट्टी प्रत्येक सळईला लावा. सगळ्या सारख्या दिसतात, पण लांबी आणि वाक वेगळा असतो, आणि अदलाबदल झाली तर कापडाला कितीही ताण द्या, एक सुरकुती जात नाही. सळयांचा गंज घासून रंग द्या, नाहीतर पांढऱ्या छताला तपकिरी रेघा उमटतात.

नवं कापड शिवताना जुन्याचे नेफे मोजून तेवढ्याच अंतरावर घ्या. बसवायचं दुपारच्या उन्हात, रेक्झिन मऊ असताना. मधून सुरुवात, मग पुढे-मागे ताण, बाजू शेवटी. चिमट्यांनी धरून ठेवा, लगेच चिकटवू नका. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग जोडायचं. फेविकॉलचं एसआर ९९८ पॅडला आणि सीटला आम्हीही वापरतो, पण छताला गरमी सोसणारं वेगळं सोल्यूशन मागा. मे महिन्यात बंद गाडीचं छत तव्यावर हात ठेवल्यागत होतं, साधं सोल्यूशन तिथे सुटतं. दारं उघडी ठेवून काम करा, वास डोक्यात जातो.

---

डिलाइट६८

ठरलं. आधी पत्रा, मग काचा आणि छत, मग पॅड, सीट, शेवटी खालचं. पुढे रबर, मागे कार्पेट, खाली रानमेवांचा फोम. खडूसरावांना अर्धा विजय.

एक शंका. गाडी ५० वर्षांच्या वरची आहे. व्हिंटेज नोंदणी करायची झाली तर आतलं नवं केल्याने अडचण येईल?

---

जुना_खडूस

२०२१ मध्ये केंद्राने जे नियम आणले त्यात ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी हवी. मोठे बदल म्हणजे चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत केलेले. रेक्झिन नवं केलं म्हणून कोणी अडवणार नाही, तळाचा पत्रा मात्र होता तसाच, त्याच आकाराचा बसवून घ्या. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए'. पण तुमची गाडी आधीच नोंदलेली आहे, तिचा जुना नंबर राहतो. तो सोडू नका.

पण एक बघा, व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. तुम्ही वापरायची म्हणताय, तर नेहमीची नोंदणीच चालू ठेवा.

आणि पॅडचा रंग कोणता घेताय? काळा घेऊ नका म्हणजे झालं.

---

डिलाइट६८

बाहेरून फिकट निळी आहे. मागच्या सीटच्या खाली, शिवणीच्या आत, मूळ रेक्झिनचा एक तुकडा न उन्हावलेला सापडला. करडट निळा. तो घेऊन शनिवारी नाना पेठेत येतोय.

---

नानापेठकर

या. दुकानातून बाहेर उन्हात नेऊन रंग जुळवा. आणि चारही पॅड, सीट एकाच रोलमधून कापून घ्या, मीटरभर जास्तीचं घेऊन ठेवा. दुसऱ्या रोलचा निळा कधीच तोच नसतो.

---

रानमेवा

जास्तीचं रेक्झिन घडी घालून ठेवू नका, नळीवर गुंडाळा. घडीवर चिरतं.